गुरुवारचा ट्रिओ आणि माडियांच्या चाली

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' या नियतकालिकात पहाडी माडिया, झोरिया मुरिया आणि बस्तर मुरिया गोंडांच्या गाण्यांवर एक लेख छापून आला. पुढच्या वर्षी त्याच लेखकाचा, त्याच लोकांच्या वाद्यांवरचा दुसरा लेख आला. गडचिरोली नावाचा जिल्हा तेव्हा नव्हता. तो चंद्रपुरातून वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. खुद्द चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हाही 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. माडियांच्या मुलखाला मात्र या फेरबदलांनी काही फरक पडत नव्हता. अबूझमाडचे डोंगर उतरत उतरत भामरागडपर्यंत येतात, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे एकमेकींना मिळतात, आणि नदीच्या अल्याड-पल्याड तीच भाषा, तीच गोत्रं, तोच ढोल. लेख बस्तरच्या बाजूने लिहिलेला असला तरी तो आपल्या भामरागड-एटापल्लीच्या शेजाऱ्यांचा आणि सोयऱ्याधायऱ्यांचा आहे.

लेखकाचं नाव वाल्टर काउफमान. या गृहस्थांची दुसरी ओळख अशी, की 1934 पासून काही वर्षं मुंबईत दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात चेंबर म्युझिकचे कार्यक्रम होत, ते भरवणाऱ्या मंडळाचे हे संस्थापक. पियानोवर स्वतः काउफमान, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने ज्या तीन वाद्यांच्या मेळातून आपलं सर्वांत खाजगी संगीत लिहिलं, तो पियानो ट्रिओ मुंबईत समुद्राच्या दमट हवेत वाजत होता. हा ट्रिओ वाजवणारा कान आणि माडियांच्या चाली टिपणारा कान एकच होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यामागे एक परंपरा आहे, आणि ती समजायला आधी बोहेमियात जावं लागतं.

काउफमान यांचा जन्म 1 एप्रिल 1907 चा, कार्ल्सबादचा. आज चेक प्रजासत्ताकात असलेलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. आन्तोनिन ड्वोर्झाक यांची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली 1893 मध्ये. युरोपच्या मुख्य भूमीवर ती पुढच्या उन्हाळ्यात याच कार्ल्सबादला वाजली. असल्या गावात वाढणाऱ्या मुलाला संगीत मुद्दाम शोधत जावं लागत नाही.

याच बोहेमियाने पियानो ट्रिओला दोन मोठ्या रचना दिल्या. पहिली बेद्रिझिख स्मेताना यांची, जी मायनरमधली, 1855 ची. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची मोठी मुलगी बेद्रिझिश्का चार वर्षांची असताना लाल तापाने गेली. पोरीला गाण्याचं विलक्षण अंग होतं. बापाने काही आठवड्यांत हा ट्रिओ लिहिला आणि 3 डिसेंबरला प्रागमध्ये स्वतः पियानोवर बसून वाजवला. टीकाकारांनी तो थंडपणे घेतला. पुढच्या वर्षी फ्रान्झ लिस्ट यांनी ऐकला तेव्हा त्यांना तो भावला. दुःख मांडायला स्मेतानांनी मोठा वाद्यवृंद किंवा चर्चमधली प्रार्थना घेतली नाही, तीन वाद्यं घेतली. ट्रिओची जागाच तशी आहे. हेडनच्या काळात या मेळात पियानोचं राज्य असे आणि चेलो बहुतेक वेळा पियानोच्या डाव्या हाताची पाठराखण करी. पुढे बेटहोवन आणि शुबर्ट यांनी चेलोला मोकळं केलं. एकोणिसाव्या शतकात पियानोला लोखंडी चौकट आली, त्याचा आवाज वाढला, आणि रचनाकारापुढे नवा पेच आला: एवढ्या भारदस्त वाद्याने दोन तंतुवाद्यांना गिळू नये, तरी आपलं वजन राखावं, हे साधायचं कसं? मेंडेल्सोनने 1839 च्या डी मायनर ट्रिओत पियानोचा भाग मित्राच्या आग्रहावरून पुन्हा लिहिला. ब्राम्सने तर विशीत लिहिलेला बी मेजरचा ट्रिओ पस्तीस वर्षांनी उकलून नव्याने बांधला.

दुसरी रचना ड्वोर्झाक यांची, 'डुमकी', 1891 च्या फेब्रुवारीत पूर्ण झालेली. डुमका हा मूळचा युक्रेनच्या बाजूचा शोकगीताचा प्रकार. ड्वोर्झाकने सहा डुमका सलग मांडल्या, प्रत्येकीचा स्वर वेगळा, आणि ट्रिओचा तोवरचा चार भागांचा रिवाज सरळ बाजूला ठेवला. सुरुवात चेलो आणि पियानोने होते. एखाद्या बाईने दारात बसून आक्रोश करावा तसा चेलो वर उठतो, पियानो खालून जड स्वरांनी त्याला धरून ठेवतो. मग व्हायोलिन तीच व्यथा हळू आवाजात पुन्हा सांगतं. काही मिनिटं असं चालतं, आणि एकाएकी लय उसळते, मायनरचा मेजर होतो, तिन्ही वाद्यं नाचायला लागतात. नाच पुरा व्हायच्या आत पुन्हा तो आक्रोश. सहाही डुमकांत या दोन गोष्टी आलटून पालटून येतात आणि एकीने दुसरीचं सांत्वन होत नाही. चौथ्या डुमकेत चेलोला एक साधी, जवळजवळ चालत्या पावलांची धून मिळाली आहे. पियानो आणि व्हायोलिन तिच्याभोवती एकच एक छोटा तुकडा घोळवत राहतात. खेड्यातल्या गाण्यात असंच असतं. एकजण सांगतो, बाकीचे धरून राहतात.

11 एप्रिल 1891 रोजी हा ट्रिओ प्रागमध्ये पहिल्यांदा वाजला. निमित्त होतं प्राग विद्यापीठाने ड्वोर्झाकना दिलेल्या सन्माननीय डॉक्टरेटचं. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर फर्डिनांड लाख्नर, चेलोवर हानुश विहान. पुढच्या वर्षी अमेरिकेला जाण्याआधी या तिघांनी बोहेमिया आणि मोराव्हियातल्या चाळीसेक गावांत कार्यक्रम केले आणि 'डुमकी' गावोगाव नेली. खाटकाच्या घरात जन्मलेला रचनाकार, खेड्यातली लय राजधानीच्या सभागृहात नेऊन, तीच पुन्हा लहान गावांच्या लोकांना ऐकवायला निघाला होता. ते अमेरिकेत असताना छपाईची मुद्रितं ब्राम्सने तपासली, स्वतःचं काम बाजूला ठेवून. असा भाव त्या पिढीत होता.

म्हणजे काउफमान यांच्या मुलखात गेल्या दोन पिढ्या हे गृहीत होतं, की शहरातल्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या तीन वाद्यांना रानातलं आणि शेतातलं गाणं परकं नसतं. रचनाकाराने तिकडे कान द्यायचा असतो.

काउफमान बर्लिनला शिकले. रचनेसाठी फ्रान्झ श्रेकर आणि संगीताच्या अभ्यासासाठी कुर्ट झाक्स. हे झाक्स जगभरच्या वाद्यांचे पंडित. वाद्यांच्या वर्गीकरणाची जी पद्धत त्यांनी होर्नबोस्टेल यांच्याबरोबर 1914 मध्ये मांडली ती आजही चालते. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात काउफमान यांनी डॉक्टरेटचं काम पूर्ण केलं, पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझींच्या तरुण संघटनेचे पुढारी आहेत हे कळल्यावर ती पदवी घ्यायला नकार दिला. पदवीसाठी माणसं काय काय करतात हे आपण पाहतो, म्हणून हा नकार मला मोठा वाटतो. जानेवारी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. काउफमान ज्यू. 1934 च्या सुरुवातीला ते मुंबईला उतरले. व्हिसा सहज मिळत होता, हे एक कारण होतं. थोडे दिवस राहू आणि परत जाऊ, असा हिशेब होता. राहिले बारा वर्षं.

हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना काही म्हणता काही कळलं नाही, आणि तसं त्यांनी पत्रात लिहूनही ठेवलं. पण त्यांचा पुढचा विचार असा होता, की हे संगीत माणसांनीच हृदय आणि बुद्धी वापरून घडवलं आहे, कोट्यवधी लोक त्यावर प्रेम करतात, तेव्हा दोष ऐकणाऱ्यातच असणार. आणि हा दोष काढायचा तर तिथेच जाऊन अभ्यास करायला हवा. अवघ्या सव्वीस वर्षांच्या माणसाचा हा विचार आहे.

मुंबईत वॉर्डन रोडलगतच्या रेवा हाऊसमध्ये ते राहू लागले आणि काही महिन्यांतच बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी राहिली. सुरुवातीला श्रोते बोटांवर मोजण्याइतके. मे 1937 पर्यंत मात्र एकशे छत्तीस कार्यक्रम होऊन गेले होते. दर आठवड्याला नवी तालीम, नवी रचना, आणि वाजवणारे तेच दोन-चार हात. आपल्याकडच्या बैठकीची ज्याला सवय आहे त्याला चेंबर म्युझिक समजायला जड जाऊ नये. समोरासमोर बसलेली माणसं, एकमेकांच्या श्वासावर लक्ष, कुणी ताल धरायला हात वर करत नाही, आणि श्रोता इतका जवळ, की चूकही त्याच्यापासून लपत नाही.

मेहली मेहता काउफमान यांच्याहून वर्षाने लहान, मुंबईचे पारशी. व्यापारशास्त्राची पदवी घेतलेले, व्हायोलिन बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते, युरोपियन होते, आणि मोठ्या संख्येने गोव्याची माणसं होती. गोव्यात चर्चच्या पारोक्याल शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. त्या शाळांमुळे मुंबईला नोटेशन वाचणारे वादक मिळाले; पुढे हिंदी चित्रपटांचं संगीतही त्यांनीच उचलून धरलं. 1936 मध्ये मेहलींना मुलगा झाला, झुबिन. घरात चाललेल्या तालमी ऐकतच तो वाढला. 1945 मध्ये मेहली न्यूयॉर्कला इव्हान गालामियान यांच्याकडे शिकायला गेले. वय तेव्हा छत्तिशीचं, गाठीला दहा वर्षांचा ऑर्केस्ट्रा, आणि तरी पुन्हा विद्यार्थी व्हायची तयारी.

1937 ते 1946 काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची ती पहाटेची धून त्यांची मानली जाते: तंबोऱ्यावर एकट्या व्हायोलिनची, शिवरंजनीच्या अंगाने जाणारी. व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवल्याचं सांगतात. 1948 मध्ये नागपूर केंद्र सुरू झालं, मग चांद्याच्या आणि वडसा-आरमोरीच्या घरांतही ती धून रोज पहाटे वाजू लागली. तीन पिढ्या तिच्यावर उठल्या. ट्रिओतला पियानो बाजूला झाला होता, त्याच्या जागी तंबोरा आला होता, व्हायोलिन होतं तिथेच होतं.

आणि या नोकरीच्या काळातच, 1941 मध्ये, अमेरिकेतल्या 'म्युझिकल क्वार्टर्ली'त काउफमान यांचा गोंड आणि बैगांच्या लोकगीतांवरचा लेख आला. युरोपात युद्ध पेटलेलं, ज्या प्रागमध्ये ते शिकले तिथे जर्मन फौजा, परतीची वाट बंद, आणि हा माणूस मध्य प्रांतातल्या जंगलातल्या चालींचं स्वरलेखन करत होता.

मध्य प्रांताचा तो काळ गोंडांविषयी लिहिणाऱ्यांचा होता. विल्फ्रिड ग्रिगसन यांचं बस्तरच्या माडियांवरचं पुस्तक 1938 मध्ये निघालं. व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे मंडल्याच्या डोंगरांत राहून गाणी गोळा करत होते. दुर्गाबाई भागवत गोंडांच्या मुलखात फिरल्या. चांद्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या आदिलाबादेत सेतुमाधवराव पगडींनी गोंडी आणि कोलामी शिकून त्या भाषांवर लिहिलं. या सगळ्यांचे उपकार आपल्यावर आहेत. तरी एक गोष्ट खटकते. आपल्या मराठी परंपरेत लोकगीत गोळा करायचं म्हणजे शब्द गोळा करायचे. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले, आणि या छापील पानांत गाण्याचं बोलणं शिल्लक राहिलं, गाणं निसटलं. जात्यावरच्या ओव्या आवाजासकट साठवण्याचं काम हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढे कितीतरी वर्षांनी हाती घेतलं. काउफमान यांना गोंडी येत नव्हती म्हणा, किंवा झाक्सची शिकवण म्हणा, त्यांनी चालीकडे लक्ष दिलं. माडियांच्या गाण्यात चार-पाच स्वरांतच चाल फिरते, एकच ओळ शंभर वेळा येते, म्हणून शब्द जमवणारा तिला दोन ओळींत उरकून पुढे जातो. 'डुमकी'वर पोसलेला कान तिथे थांबतो. त्याला ठाऊक असतं, की फिरून फिरून येणाऱ्या तुकड्यातच सगळा जीव असतो.

असं गाणं कागदावर उतरवणं सोपं नाही. रेला नाचात पोरी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरतात. एक गट ओळ टाकतो, दुसरा उचलतो, आणि पहिल्याची ओळ संपायच्या आतच दुसऱ्याची सुरू झालेली असते. पावलांची लय एक, ढोलाची दुसरी. अशा सामूहिक गाण्यात रात्र चढते तशी पट्टीही चढते. संध्याकाळचा षड्ज मध्यरात्री जागेवर राहत नाही. मग पाच रेघांवर नक्की कुठला स्वर लिहायचा? आपल्या कानात आधीपासून बसलेल्या सप्तकात तो कोंबायचा मोह फार मोठा असतो. शास्त्रीय संगीत शिकलेल्या मराठी माणसाचाही इथे घोटाळा होतो, त्याला प्रत्येक चालीत भूप किंवा दुर्गा दिसू लागतो. बाहेरून आलेल्या काउफमानना निदान हा अडथळा नव्हता.

पियानो या जंगलात कधी आला नाही, येणं शक्यही नव्हतं. पावसाळ्यात तारा गंजतात, लाकूड फुगतं, आणि नाल्याच्या काठावरून बैलगाडीत घालून न्यायचं ते वाद्य नव्हे. त्याची धाकटी बहीण म्हणावी अशी पायपेटी, म्हणजे ऑर्गन, मात्र आली आणि राहिली. संगीत नाटकांच्या मागे मागे ती झाडीपट्टीत पोचली. दिवाळीनंतर वडशाहून नाटक मंडळ्या निघतात आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी रात्रभर नाटक रंगतं. मंचापुढच्या खड्ड्यात ऑर्गनवाला आणि तबलजी नटाच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. गाणं लांबलं तर तेही लांबवतात. एकमेकांना सांभाळून वाजवण्याची ही विद्या कुठल्याही चांगल्या ट्रिओइतकीच अवघड आहे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा मान वळवून पाहिलं.

1946 मध्ये काउफमान यांनी भारत सोडला. काही काळ लंडन, मग कॅनडातलं हॅलिफॅक्स, 1948 ते 1957 विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक, आणि शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाड ग्रंथ 1968 चा, दक्षिणेच्या रागांवरचा 1976 चा. मुंबई सोडून चौदा वर्षं झाल्यावर त्यांनी माडियांच्या चाली पुन्हा काढल्या, त्यांवर लेख लिहिला, आणि तो झाल्यावर त्यांच्या ढोलांवर, शिंगांवर, बासऱ्यांवर दुसरा. 9 सप्टेंबर 1984 रोजी ब्लूमिंग्टनला ते वारले. त्यांच्या स्वतःच्या रचना धूळ खात पडल्या होत्या. 2020 मध्ये टोरांटोच्या एआरसी आँसांब्लने त्यांची चेंबर कामं ध्वनिमुद्रित केली, तेव्हा व्हायोलिनच्या सोनाट्यांत आणि चौकडींत हिंदुस्थानी सुरावटींची वळणं जगाला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

त्यांच्या संगीताची ही परतफेड झाली. माडियांची व्हायची आहे. गोंड-बैगांवरचा 1941 चा, गाण्यांवरचा 1960 चा आणि वाद्यांवरचा 1961 चा, असे तिन्ही लेख मिळून चाळीस पानंही भरत नाहीत. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हेमलकशाला 1973 पासून लोकबिरादरीचं काम आहे, तिथून शिकून बाहेर पडलेल्या माडिया मुलामुलींची आता दुसरी पिढी आहे. हे लेख मराठीत आणि माडियात आणायचं काम याच जिल्ह्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्याला मोठा निधी लागत नाही. स्वरलिपी वाचणारा एक गायक लागेल, आणि गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामाईक घरात, वाढलेले पाच-सहा वयस्कर स्त्री-पुरुष. गायकाने कागदावरची चाल शब्दांशिवाय गाऊन दाखवायची आणि मग त्यांना विचारायचं: ही कुठल्या पंडुमची (सणाची), कोणी गायची, आणि लिहिणाऱ्याने काय चुकीचं ऐकलं?